क्वेरी मॅडम

आमच्या ऑफिसात पेशंटच्या नातेवाइकाचा फोन आला, की क्वेरी मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहायच्या. पलीकडचा माणूस रडत असो, ओरडत असो, शिव्या देत असो, फोन संपेपर्यंत त्या खाली बसायच्या नाहीत. गुडघे दुखायचे त्यांचे. एका हातानं टेबलाची कड धरायच्या, दुसऱ्या हातात फोन. नवीन आलेल्या पोरांना वाटायचं, बाई कुठेतरी निघाल्यात. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अरे, त्याला नाही म्हणायचंय आपल्याला. निदान बसून तरी म्हणू नये."

आमचं ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. खालच्या गल्लीत अजून एक-दोन वर्कशॉप टिकून आहेत, लेथ चालू असतो, रस्त्याकडेला लोखंडाचा चुरा पडलेला असतो. वर काचेची इमारत आणि त्यात आम्ही. तिथं सगळे डॉक्टरच काम करतात हे ऐकून लोकांना आधी कौतुक वाटतं. मग काम कळतं. पेशंट दाखल झाला की रुग्णालय त्याची फाईल आमच्याकडे पाठवतं, आणि विमा कंपनीनं त्याचा खर्च उचलावा की नाही हे आम्ही कळवतो. आम्ही नाडी बघत नाही, जीभ बघत नाही. पडद्यावर बघतो. मी होमिओपॅथीची पदवी घेतलेला, माझ्या शेजारचा दातांचा डॉक्टर, पलीकडची आयुर्वेदाची. दवाखाना टाकायची ऐपत नसलेले, किंवा टाकून पेशंटची वाट बघून थकलेले. आमच्यात एमबीबीएस झालेल्या आणि वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेल्या एकट्या मॅडम.

क्वेरी म्हणजे शंका. फाईलमध्ये काही कमीजास्त वाटलं की रुग्णालयाला उलट प्रश्न पाठवायचा, अमुक रिपोर्ट द्या, तमुक कधीपासून दुखतंय ते कळवा. बाकीचे जिथं सरळ नकार देऊन पुढच्या फाईलकडे वळायचे, तिथं मॅडम क्वेरी टाकायच्या. मॅनेजर वैतागायचे. "मॅडम, तुमची क्वेरी म्हणजे मारुतीचं शेपूट आहे, संपतच नाही." मॅडम म्हणायच्या, "नाही म्हटलं की दार लागलं. प्रश्न विचारला की फट राहते." त्या फटीतून खरंच कितीतरी लोक आत आले. पण तीच क्वेरी पलीकडे कशी पोचते तेही मी ऐकलंय. घरी सोडलेला पेशंट आमची मंजुरी येईपर्यंत कपडे बदलून, पिशवी भरून कॉटवर बसून राहायचा, वॉर्डातली दुसरी माणसं त्याच्याकडे बघायची आणि त्याचा मुलगा आम्हाला फोन करून म्हणायचा, "आता अजून काय पाहिजे तुम्हाला? त्यांना चोरासारखं बसवून ठेवलंय." फोन ठेवल्यावर मॅडम तीच फाईल पुन्हा पहिल्यापासून उघडायच्या.

त्यांचा डोंबिवली पूर्वेला दवाखाना होता. इमारत जुनी झाली, पुनर्विकासाला गेली, आणि नव्या इमारतीतला गाळा यायला इतका उशीर झाला की तोवर पेशंट मोठ्या हॉस्पिटलांच्या ओपीडीत जायला लागले होते. मधल्या काळात मिस्टर गेले. मुलगी लग्न होऊन नाशिकला. "गाळा मिळेपर्यंत" म्हणून त्या या नोकरीत आल्या आणि गाळा मिळाल्यावर तो मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं देऊन इथंच राहिल्या. घराच्या दारावरच्या पाटीवरून मात्र त्यांनी 'डॉ.' काढून टाकलं होतं. लग्नामुंजीत कुणी विचारलं तर सांगायच्या, "ठाण्याला ऑफिसात असते, टेबलावरचं काम." एकदा त्यांच्याबरोबर डोंबिवलीच्या बाजारात गेलो होतो. एक बाई भाजीची पिशवी तशीच खाली ठेवून पुढे आली, त्यांचे दोन्ही हात धरले. "डॉक्टर, अहो किती शोधलं तुम्हाला! माझी दोन्ही मुलं तुमच्या औषधावर वाढली. आता कुठे बसता?"

"आता घरीच असते," मॅडम म्हणाल्या.

बाई गेल्यावर मॅडम भाजीवाल्याकडे वळल्या. मग कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, "खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तिनं मला तिची पॉलिसी दाखवली असती."

आम्हा पोरांवर त्यांची माया होती, आणि ती शिस्तीच्या रूपानं यायची. उपाशीपोटी फाईल उघडायची नाही, हा त्यांचा नियम. "भुकेला माणूस लवकर नाही म्हणतो," असं त्यांचं म्हणणं. डब्यात कायम दोन पोळ्या जास्त असायच्या. घरून भांडून आलेल्याला त्या पहिला तासभर नुसते पत्ते आणि नावं तपासायला बसवायच्या. मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा ज्याला नकार कळवला, तो माझ्या बाबांच्या वयाचा एक रिक्षावाला होता. नियमानं नकार बरोबरच होता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. मॅडमनी चहा मागवला आणि एवढंच म्हणाल्या, "लाज वाटली ना? वाटू दे. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मला सांग."

एका बुद्धपौर्णिमेला मी त्यांना आमच्या घरी, कल्याणजवळ मोहन्याला, बोलावलं होतं. आमचं घर चाळीतलं, दोन खोल्यांचं. वंदना झाली, आईनं खीर केली होती. माझे बाबा तिथल्या जुन्या रेयॉन कारखान्यात कामगार होते. कारखाना चालू होता तोवर आजारी पडलं की कामगार विम्याचं कार्ड दाखवायचं आणि दवाखान्यात जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. कारखाना बंद पडला आणि कार्डही गेलं. आता बाबांना टीव्हीवरच्या चर्चांचा नाद. त्या दिवसांत तर रोज रात्री विम्यावरच चर्चा असायची. हप्त्यावरचा कर काढला, म्हाताऱ्यांनाही पॉलिसी मिळणार, कुठल्याही हॉस्पिटलात पैसे न भरता उपचार होणार, परदेशी भांडवल येणार. चौकटीचौकटीत बसलेली माणसं एकमेकांवर ओरडायची आणि बाबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे.

मॅडम खीर खात होत्या तेव्हा बाबा म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा ना."

"एवढ्या सुधारणा होतायत म्हणतात. मग आमच्या चाळीतल्या दोघातिघांना विमावाले नाही का म्हणाले? आणि नाही म्हणायला डॉक्टर कशाला ठेवतात? कारकून ठेवा की."

मी मॅडमच्या पेल्यात पाणी ओतायला लागलो. आई आतून म्हणाली, "अहो, पाहुण्या आल्यात घरी. खाऊ द्या त्यांना."

मॅडमनी वाटी खाली ठेवली. "कारकुनाशी लोक भांडतात," त्या म्हणाल्या. "डॉक्टर नाही म्हणाला की गप्प बसतात. म्हणून आम्ही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला शिकवताना त्यांनी काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं, त्यामुळे ते काय विचारणार हेही कळलं. "म्हणजे आमच्या पोराची डिग्री त्याच्यासाठी?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "माझीसुद्धा."

त्यानंतर बाबांनी तो विषय काढला नाही. उलट आग्रह करकरून आईला मॅडमना आणखी खीर वाढायला लावली. रिक्षापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी विचारलं ते बरं झालं, संदेश. मला कोणी विचारत नाही. सगळे म्हणतात, एसीमध्ये बसून काम आहे, छान आहे."

पुढे काही महिन्यांनी डोंबिवलीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघानं परिसंवाद ठेवला. विषय होता, 'आरोग्य विम्यातील सुधारणा : ग्राहकाला काय मिळाले?' एक विमा कंपनीचे अधिकारी, एक रुग्णालयाचे संचालक, ग्राहकांच्या बाजूनं लढणारे एक वकील, आणि आमच्या ऑफिसला एक वक्ता पाठवायची विनंती. मॅनेजरांनी लगेच मॅडमचं नाव दिलं. बाई डोंबिवलीच्या, गोड बोलणाऱ्या, केस पांढरे. "मॅडम, तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी लोकांचा राग निम्मा होईल," ते म्हणाले. मॅडम नको नको म्हणत होत्या. पडद्यावर दाखवायची चित्रं ऑफिसनं तयार करून दिली आणि लॅपटॉप सांभाळायला मला बरोबर दिलं.

हॉल भरला होता. बऱ्याच जणांनी पिशवीतून आपापल्या पॉलिसी आणल्या होत्या, जणू तिथंच निकाल लागणार होता. संघाच्या अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं, "आणि या तर आपल्या सगळ्यांच्या लाडक्या डॉक्टर, आज कितीतरी वर्षांनी आपल्याला भेटताहेत." इतक्या टाळ्या पडल्या की मॅडमनी मान खाली घातली. त्यांचे निम्मे जुने पेशंट समोर बसले होते.

कंपनीचे अधिकारी म्हणाले, रुग्णालयं वाटेल तशी बिलं लावतात, म्हणून हप्ते वाढतात. रुग्णालयाचे संचालक म्हणाले, कंपन्या पैसे अडवून ठेवतात, म्हणून बिलं तशी लावावी लागतात. वकील म्हणाले, नियम आता ग्राहकाच्या बाजूनं झुकलेत, काही वर्षं सलग हप्ते भरले की जुन्या आजाराचं कारण सहजासहजी काढता येत नाही, पण लोकांनी अर्ज नीट वाचून भरला पाहिजे. तिघांनाही टाळ्या मिळाल्या. मग मागच्या रांगेतून एक आजोबा उभे राहिले. "कर गेला म्हणून आम्ही पेढे वाटले. पुढच्याच हप्त्याला कंपनीनं मूळ हप्ता वाढवून ठेवला. मग सुधारणा झाली ती कोणाची, एवढंच सांगा." हॉलभर हशा पिकला. अधिकारीसुद्धा हसले आणि घड्याळाकडे बघायला लागले.

मॅडमची पाळी यायच्या आधीच मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. कपाळाला मोठं कुंकू, खांद्यावरून घेतलेला पदर. शेजारी त्यांचे यजमान बसले होते, किडकिडीत, अंगात स्वेटर. बाईंनी माईक घेतला नाही. त्यांचा आवाज तसाच पुरेसा होता.

"मला या साहेबांना काय विचारायचं नाय. मला आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारायचंय. डॉक्टर, वळखलंत का? मी म्हात्रेंची मंडळी."

"ओळखलं," मॅडम म्हणाल्या.

"यांच्या छातीत दुखलं, कल्याणला हॉस्पिटलात नेलं, नळी घातली. विमावाले म्हणाले, पैसे देनार नाय, तुमाला आधीपासून बीपी होता आनि तुमी तो लपवला. आता तुमीच सांगा. यांना चक्कर यायची तवा मी तुमच्याकडंच आनलं होतं. तुमीच म्हनालात, काय नाय वहिनी, जरासा बीपी वाढलाय, ही गोळी घ्या, आजारबिजार काय नाय, काळजी करू नका. म्हनालात की नाय? मग आमी लपवलं काय? तुमी या साहेबांना एवढं सांगा. तुमचं ऐकतील ते."

सगळा हॉल मॅडमकडे वळला. कंपनीचे अधिकारी मदतीला धावल्यासारखे म्हणाले, "ताई, वैयक्तिक प्रकरणं आपण नंतर बघू."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच." त्या माईकपाशी आल्या. चित्रं लावू का, असं मी खुणेनं विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"वहिनी, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी तसंच म्हणाले होते. पेशंट घाबरू नये म्हणून मी सगळ्यांनाच तसं म्हणायचे. आणि तुमची फाईल ज्या ऑफिसात आली, त्या ऑफिसात मी काम करते. ती माझ्याच टेबलावर आली होती."

कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"हॉस्पिटलनं बीपीचं काही लिहिलं नव्हतं. नाव वाचलं आणि मला आठवलं, यांना मी गोळी दिली होती. मी ती फाईल दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. किंवा तशीच पुढे सोडायला हवी होती, कुणाला कळलंही नसतं. पण मला वाटलं, ओळखीचे म्हणून सोडलं असं व्हायला नको. म्हणून मी हॉस्पिटलला विचारलं, पेशंटला पूर्वी बीपीची गोळी चालू होती का, ते विचारून कळवा. त्यांनी यांना विचारलं. हे खरं तेच बोलले."

त्या म्हात्रेबाईंकडे वळल्या. "दवाखान्यात मी सांगितलं, आजार नाही. ऑफिसात मी लिहिलं, आजार लपवला. दोन्ही वेळा मीच होते. प्रामाणिकपणा करायला गेले आणि तो तुमच्या जिवावर केला."

म्हात्रेबाई उभ्याच होत्या. आपण काय ऐकलं ते त्यांना हळूहळू कळत गेलं असावं. "तुमी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि बसल्या. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. माझ्या मांडीवर लॅपटॉपची बॅग होती आणि तिच्यावर ऑफिसचं नाव छापलेलं होतं. मी ती बाजू पोटाकडे वळवून धरली.

मग यजमान उठले. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीतली त्यांची नोकरी गेली होती, असं मला नंतर कळलं. फार बोलणारा माणूस नसावा. "डॉक्टर," ते म्हणाले, "तवाच सांगायचं ना, हा आजार हाय म्हनून. मी लिवला असता."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मॅडमनी हात जोडले, पण ते हातसुद्धा पुरते वर गेले नाहीत.

वकिलांना तेवढ्यात सुधारणांवर बोलायचं सुचलं. आता नवीन नियमांत असं होणार नाही, वगैरे. मॅडमनी त्यांना मध्येच थांबवलं. "होईल. नियम कितीही चांगला केला तरी तो चालवायला माझ्यासारखीच माणसं बसवणार. तुम्हाला मागायचंच असेल तर एक मागा. ज्याला नाही म्हणायचं, त्याला समोर बसवून नाही म्हणायला लावा. म्हात्रे माझ्यासमोर बसले असते तर माझ्यानं तो प्रश्न विचारवला नसता." या बोलण्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आभारप्रदर्शन उरकलं, चहा झाला. चहाच्या टेबलापाशी मॅडमच्या भोवती मोकळी जागा राहिली होती. ज्यांची मुलं त्यांच्या औषधावर वाढली तीही माणसं कप घेऊन लांब उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्हीपण त्यांच्याच ऑफिसातले का?" मी हो म्हटलं. त्यांनी "अच्छा" म्हणून पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. पेशंटची माहिती चारचौघांत बोलणं नियमात बसत नाही, हे त्यांचं म्हणणं कागदावर बरोबरच होतं. मॅडम राजीनामा घरूनच लिहून घेऊन आल्या होत्या. टेबलाच्या खणातली लोणच्याची बरणी, शाल आणि गुडघ्याचं तेल पिशवीत भरलं. आम्ही सगळे आपापल्या पडद्याकडे बघत बसलो होतो. दातांच्या डॉक्टरनं तेवढी पिशवी लिफ्टपर्यंत नेली.

त्यानंतर त्या स्वतःहून त्या वकिलांकडे गेल्या. म्हात्र्यांची तक्रार विमा लोकपालांकडे गेली होती, तिथं साक्ष द्यायची म्हणाल्या. सुनावणीला कंपनीच्या माणसानं त्यांना विचारलं, "तुम्ही डॉक्टर असून बीपीला आजार म्हणत नाही?" त्यांनी सांगितलं, "तेव्हा म्हटलं नाही. ती चूक माझी. यांना जे मी सांगितलं तेच यांनी अर्जात लिहिलं." निकाल म्हात्र्यांच्या बाजूनं लागला. मला हे मॅडमनी फोनवर सांगितलं, बातमी वाचून दाखवावी तसं. म्हात्रेबाई सुनावणीच्या खोलीत त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या, हेही सांगितलं. पुढे बाजारात दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा बाई मासळीच्या गल्लीत वळल्या. "तिला काही घ्यायचं नव्हतं तिथं," मॅडम म्हणाल्या. "रिकामी पिशवी घेऊनच पलीकडून बाहेर पडली."

मी अजून तिथंच आहे. घराचं कर्ज आहे, बाबांचं वय झालंय. आता आमच्याकडे फाईल आधी संगणक वाचतो आणि शंकेच्या जागी लाल रंग भरून देतो. टीव्हीवरच्या चर्चा चालू आहेत. बाबा अजून बघतात, पण हल्ली मी घरात शिरलो की आवाज कमी करतात. काही विचारत नाहीत. त्यापेक्षा त्यांनी विचारलेलं मला चाललं असतं.

मॅडमनी डोंबिवलीचं घर बंद करून मुलीकडे नाशिकला जायचं ठरवलं तेव्हा मी सामान बांधायला गेलो होतो. खोकी भरून झाली होती. चहा टाकत होत्या तेवढ्यात बेल वाजली. दारात म्हात्रे. एकटेच. तब्येत जरा सावरलेली, पण जिना चढून दम लागला होता. मॅडमनी दार पूर्ण उघडलं.

"या," त्या म्हणाल्या. "वहिनी नाही आल्या?"

"ती नाय येनार." ते आत आले, खोक्यांकडे बघून खुर्चीच्या टोकावर बसले. "तुमी जाताय असं कळलं. बीपी बघता का?"

"अहो, मी आता कुणाला तपासत नाही. चांगला डॉक्टर सांगते तुम्हाला, इथंच..."

"नको. दुसरा काय लिवील, काय ठाव. तुमचं तरी आता कळलंय."

मी हसू की नको, मला कळेना. मॅडमनी बांधलेलं खोकं सोडलं, तळातून यंत्र काढलं. म्हात्र्यांनी स्वेटरची बाही वर केली. मॅडमनी गुंडाळलेला पट्टा दोनदा सुटला. म्हात्र्यांनी दुसऱ्या हातानं त्याचं टोक धरून दिलं. पारा वर गेला, सावकाश खाली आला. मॅडमनी पुन्हा एकदा बघितलं.

"म्हात्रे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला रक्तदाबाचा आजार आहे. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही."

"आजार," म्हात्रे म्हणाले.

"हो. आजार."

"बरं." त्यांनी बाही खाली ओढली. "लिवून द्या."

मॅडमनी लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, खिशात ठेवलं. चहा झाला होता, पण घेतला नाही. "येतो" म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले. मॅडम गॅलरीत जाऊन ते रस्त्याला लागेपर्यंत बघत राहिल्या.

आत आल्यावर मी विचारलं, "मॅडम, म्हणजे त्यांनी माफ केलं तुम्हाला?"

"नाही रे," त्या म्हणाल्या. "बीपी दाखवायला आले होते." आणि यंत्राच्या पट्ट्यातली हवा दाबून काढायला लागल्या.